इंडिकेटर घाई का करतो?

गाडीत रोज कानावर पडणारा आणि तरीही कुणी न ऐकणारा आवाज म्हणजे इंडिकेटरची टिकटिक. वळणाआधी सुरू होते, वळण संपलं की थांबते. मग एखाद्या दिवशी डावा इंडिकेटर दिला की ती दुप्पट वेगानं पळू लागते. उजवा देऊन पाहावा तर पुन्हा तीच जुनी संथ चाल. बहुतेक जण म्हणतात, फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी) गेला. खरं तर फ्लॅशर त्या घडीला आपलं काम अगदी चोख करत असतो. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, चालकाची नजर कधीच पोचत नाही अशा जागी, टंगस्टनची एक बारीक तार तुटलेली असते आणि तिची बातमी पुढे बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत आलेली असते.

मला यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते की ती बातमी आणायला कुणीही नेमलेलं नसतं. त्या बल्बजवळ सेन्सर नसतो. बल्ब गेला हे कळवणारी वेगळी वायर मागून पुढे आलेली नसते. वायर एकच, आणि ती बल्बला वीज पोचवायची. त्याच वायरीतून बल्बच्या मरणाची खबर उलट दिशेनं येते. हे कसं घडतं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

साध्या पिवळ्या इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्टवर २१ वॅटचा असतो. पुढे एक, मागे एक, आणि बऱ्याच गाड्यांना बाजूच्या पत्र्यावर किंवा आरशावर ५ वॅटचा एक छोटा. एका बाजूचे सगळे मिळून ४७ वॅट. वॅटला व्होल्टनं भागलं की प्रवाह मिळतो, म्हणजे इथे साधारण ३.९ अँपिअर. मागचा बल्ब गेला तर उरतात २६ वॅट, आणि प्रवाह उतरतो २.२ अँपिअरच्या आसपास. सगळी गोष्ट या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. फ्लॅशरला दिवे दिसत नाहीत. त्याला फक्त आपल्यातून किती वीज वाहून गेली एवढंच कळतं. पंगत कुठेतरी दूर मांडलेली आहे, वाढप्याला पानांवर कोण बसलंय ते दिसत नाही, पण पातेल्यातला भात किती उतरला यावरून तो सांगतो की आज दोन पानं रिकामी राहिली. फ्लॅशरचं ज्ञान हे इतकंच, आणि तेवढं पुरतं.

पण वीज किती वाहिली हे मोजायचं कसं? मोजायला काही आडवं घातलं तर दिवे मंद होणार. म्हणून या वायरीच्या वाटेत धातूचा एक अगदी लहान तुकडा ठेवतात. त्याला शंट म्हणतात. त्याचा विरोध इतका कमी की साध्या मीटरला तो शून्यच दिसावा. समजा तो ०.०३ ओहम आहे. ३.९ अँपिअर त्यातून गेले की त्याच्या दोन टोकांमध्ये सुमारे ०.१२ व्होल्टचा फरक पडतो. मागचा बल्ब गेला की हा फरक ०.०६५ व्होल्टवर येतो. टॉर्चच्या साध्या सेलचा दीड व्होल्ट घ्या आणि त्याचे पंचवीस-तीस भाग करा. एवढ्याशा फरकावरून फ्लॅशरमधली चिप ठरवते की आज एक दिवा कमी आहे. या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी एक रेघ आखलेली असते. प्रवाह रेघेच्या वर असेल तर सगळं ठीक, खाली गेला तर चाल बदलायची.

ही रेघ आखणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि ज्यांनी हे पहिल्यांदा जमवलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पहिली अडचण खुद्द टंगस्टनची. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहा-पंधरा पट कमी असतो. तापलेला २१ वॅटचा बल्ब सुमारे ७ ओहमचा, पण तोच गार असताना मीटर लावला तर अर्ध्या-एक ओहमच्या आसपास काहीतरी दाखवतो. (नवशिक्या माणसाला हा आकडा पाहून बल्ब शॉर्ट झाल्यासारखा वाटतो. तो धडधाकट असतो.) याचा अर्थ असा की प्रत्येक टिकेच्या पहिल्या क्षणी बल्ब कितीतरी जास्त वीज ओढतो, मग तार तापते आणि प्रवाह उतरून आपल्या जागी स्थिरावतो. त्या पहिल्या उसळीत मोजमाप घेतलं तर एकटा बल्बही दोघांएवढा भासेल. म्हणून चिप थोडी थांबते, उसळी ओसरू देते, आणि मग मोजते. दर टिकेला मोजते.

दुसरी अडचण बॅटरीची. इंजिन बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे १४ च्या घरात. व्होल्टेज वाढलं की प्रवाह वाढतो, पण सरळ त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण तार जास्त तापते आणि तिचा विरोधही चढतो. एकाच जागी ठोकलेली रेघ मग कधी खोटी तक्रार करेल, कधी खरी गिळून टाकेल. त्यामुळे चांगल्या फ्लॅशर चिपमध्ये ही रेघ बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर सरकते, आणि टंगस्टनच्या स्वभावाशी जुळेल अशा बेतानं सरकते. हातात मावणाऱ्या, फार तर शे-दोनशे रुपयांच्या डबीत दिव्याच्या तारेचं हे सगळं पदार्थविज्ञान भरलेलं असतं.

बाजूचा छोटा ५ वॅटचा बल्ब गेला तर? प्रवाह ३.९ वरून ३.५ वर येतो, शंटवरचा फरक ०.१२ वरून जेमतेम ०.१०५ वर. रेघ ओलांडली जात नाही, आणि फ्लॅशर काहीच बोलत नाही. आरशावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद राहतो आणि मालकाला पत्ता नसतो, याचं कारण हे.

चाल दुप्पट कशी होते, तेही सुंदर आहे. चिपबरोबर एक कॅपॅसिटर आणि एक रेझिस्टर असतो. कॅपॅसिटर एका ठराविक पातळीपर्यंत भरतो, मग दुसऱ्या ठराविक पातळीपर्यंत रिकामा होतो, आणि ही ये-जा म्हणजेच टिक आणि टॉक. दिवा गेल्याचं कळलं की चिप या दोन पातळ्या एकमेकींच्या जवळ आणते. अंतर कमी, म्हणून फेरी लवकर संपते. वेग वाढवायला वेगळं घड्याळ लागत नाही. आवाज येतो तो रिलेचा: आतल्या कॉइलमध्ये चुंबकत्व येतं, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि धातूच्या टोकावर आपटते. दर वेळी खऱ्या धातूवर खरा धातू.

आता जरा मागे जाऊ, कारण चिप येण्याच्या कितीतरी आधी इंडिकेटर लुकलुकत होते. अमेरिकेत ब्यूइक कंपनीनं १९३९ च्या गाड्यांना कारखान्यातूनच लुकलुकणारे मागचे इंडिकेटर दिले. त्याआधी आणि युरोपात त्यानंतरही बरीच वर्षं गाडीच्या दाराजवळच्या खांबातून एक छोटा उजळलेला हात बाहेर यायचा. लुकलुकायचं तर वीज ठरावीक वेळानं तोडायला आणि जोडायला हवी. ट्रान्झिस्टर नव्हता. मग वेळ मोजायचा कशानं?

उष्णतेनं. फ्लॅशरच्या डबीत दोन धातूंची एकावर एक चिकटवलेली पट्टी, किंवा ताणलेली बारीक तार, असायची. दिव्यांची वीज तिच्यातूनच किंवा तिच्याभोवतीच्या तापणाऱ्या तारेतून जाई. पट्टी तापे, दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावत, पट्टी वाके आणि जोड सुटे. दिवे बंद. वीज बंद झाली म्हणून पट्टी गार होई, सरळ होई, पुन्हा जोड लागे. दिवे चालू. इंडिकेटर चालू आहे तोवर हे चालत राहतं. याहून साधं यंत्र मला सुचत नाही.

आणि या पट्टीची वंशावळ ऐकावी. दोन धातूंची ही जोडपट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं आणली. समुद्रावर रेखांश कळावा म्हणून कधीही न चुकणारं घड्याळ बनवायला त्यानं आयुष्य वेचलं. एच३ या घड्याळावर तो १७४० पासून १९ वर्षं झटत होता. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळाची गती बिघडू नये, उष्णतेनं केलेला घोटाळा उष्णतेनंच दुरुस्त व्हावा, म्हणून त्यानं पितळ आणि पोलाद एकत्र जोडलं. काळावर उष्णतेची सावली पडू नये यासाठी जन्मलेली पट्टी दोनशे वर्षांनी मोटारीच्या डॅशबोर्डाखाली उष्णतेतूनच काळ निर्माण करू लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं उलटं फळ क्वचितच पाहायला मिळतं.

या जुन्या फ्लॅशरची गंमत अशी की दिवा गेल्याची बातमी तो उलट सांगायचा. साध्या प्रकारात दिव्यांचीच वीज पट्टीला तापवायची. एक बल्ब गेला की वीज कमी, वीज कमी म्हणजे तापणं हळू, आणि तापणं हळू म्हणजे लुकलुक मंदावली, किंवा दिवे एकदा लागले ते लागूनच राहिले. गाडीला मागे ट्रॉली जोडून तिचे दिवेही त्याच फ्लॅशरवर टाकले तर वीज जास्त, आणि लुकलुक भरभर. जुन्या गाडीत घाई म्हणजे भार वाढला, नव्या गाडीत घाई म्हणजे भार घटला. खूण एकच, अर्थ उलटा. म्हणून इंडिकेटर पळतोय असं कुणी सांगितलं की जाणता इलेक्ट्रिशियन आधी विचारतो, गाडी कुठली? हे विचारणं मला फार योग्य वाटतं, कारण आतला फ्लॅशर कोणत्या पिढीचा आहे ते कळल्याशिवाय वेगाचा अर्थ लावता येत नाही.

मंदावणं हा थर्मल फ्लॅशरच्या शरीराचा गुण होता. कुणी मुद्दाम बसवलेला नव्हता. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला तेव्हा मात्र वेळ कॅपॅसिटर मोजू लागला, आणि दिव्यांचा भार कितीही असला तरी चाल तीच राहिली असती. म्हणजे जुन्या यंत्राबरोबर त्याची बोलकी खोडही गेली असती. ती खोड जाऊ द्यायची नाही असं ठरवून शंट, रेघ आणि दुप्पट चाल ही सगळी योजना नव्यानं घडवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ४८ व्या नियमात ही अपेक्षा स्पष्ट लिहिली आहे: चालकाला इंडिकेटरची खूण डोळ्यांना देत असाल तर दिवा बिघडल्यावर ती विझली पाहिजे, किंवा न लुकलुकता लागून राहिली पाहिजे, किंवा तिच्या वेगात ठळक बदल झाला पाहिजे. तीनपैकी तिसरा मार्ग जगभर सर्वांत ओळखीचा झाला. का झाला असावा, हे ड्रायव्हिंग सीटवर बसलेल्याला लगेच उमगतं. विझलेली खूण लक्षात यायला तिच्याकडे पाहावं लागतं. बदललेला ताल न पाहता कळतो. आणि घाईनं का होईना, उरलेला दिवा मागच्या-पुढच्याला वळण सांगतच राहतो.

नेहमीची चाल किती असावी हेही ठरलेलं आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०२ वा नियम सांगतो की इंडिकेटर पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. संयुक्त राष्ट्रांचा नियम ९० अधिक-उणे ३० म्हणतो, म्हणजे तेच. या पट्ट्याला कारण आहे. बल्बच्या तारेला पुरतं उजळायला आणि मग विझायला सेकंदाचा काही अंश लागतो. फार भरभर लुकलुकवलं तर ती मधल्या मधे अर्धवट तापलेली राहील आणि लांबून पाहणाऱ्याला उजेड-अंधाराचा ठळक फरक दिसणार नाही. फार सावकाश केलं तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याची नजर नेमकी अंधाराच्या वेळी पडेल.

साठ ते एकशेवीस हा पट्टा रुंद असल्यामुळे प्रत्येक गाडीची चाल थोडी वेगळी पडते, आणि त्यातून सिग्नलला एक मोफत प्रयोग पाहायला मिळतो. पुढे उभ्या असलेल्या दोन गाड्यांनी उजवा इंडिकेटर दिलेला आहे. सुरुवातीला दोघी बरोबर लुकलुकतात. मग एक किंचित मागे पडते. काही वेळानं एक उजळते तेव्हा दुसरी विझते. आणि पुन्हा हळूहळू जवळ येत दोघी एका तालात. एकीची चाल ९० आणि दुसरीची ८४ असेल तर हे मीलन बरोबर दर दहा सेकंदांनी होतं. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की कानाला जे हेलकावे ऐकू येतात, त्यांच्यामागचं गणित हेच.

आता प्रत्यक्ष शोध. इंडिकेटर पळू लागला की आधी एवढंच पाहावं: एकाच बाजूला पळतो की दोन्ही बाजूंना? एका बाजूला पळत असेल तर फ्लॅशरला दोष द्यायचं काही कारण नाही. दोन्ही बाजूंना तोच फ्लॅशर काम करतो, आणि दुसऱ्या बाजूला तो नीट चालतो हेच त्याचं प्रमाणपत्र. दोष त्या बाजूच्या दिव्यांत, होल्डरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. गाडी सुरक्षित जागी उभी करायची, इंडिकेटर चालू ठेवायचा, खाली उतरायचं आणि गाडीभोवती फिरून यायचं. जो दिवा लागत नाही तो सापडला.

इथे एक सापळा आहे. बरेच जण तपासायला चारही इंडिकेटर एकदम लावण्याचं लाल त्रिकोणाचं बटण दाबतात, आणि टिकटिक एकदम नेहमीसारखी होते. मग वाटतं, आपोआप बरं झालं. गणित मांडून पाहा. दोन्ही बाजूंचे सगळे दिवे म्हणजे ९४ वॅट, जवळपास ७.८ अँपिअर. त्यातला एक मोठा बल्ब गेला तरी ६ अँपिअर उरतात, आणि आपली रेघ तर तीन अँपिअरच्या आसपास आहे. फ्लॅशरच्या दृष्टीनं भरपूर वीज वाहतेय, म्हणून तो शांत. शंटवाल्या बहुतेक गाड्यांत त्रिकोणाचं बटण दाबल्यावर बिघाड असा लपतो. पण त्याच बटणानं चारही कोपरे एकाच फेरीत डोळ्यांनी तपासता येतात. आवाजावर विसंबायचं नाही, एवढंच.

बल्ब काढला की त्याच्याकडे नीट पाहावं, कारण तो कसा गेला हे काचेवर लिहिलेलं असतं. आतून करडा-काळसर लेप चढला असेल तर टंगस्टन वर्षानुवर्षं उडून काचेवर बसलं, तार झिजत गेली आणि वयानं गेली. काच आतून दुधासारखी पांढरी झाली असेल तर कुठेतरी फट पडून हवा आत शिरली आणि तापलेल्या टंगस्टनचं ऑक्साइड झालं. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर बहुधा हादरा. डिकी रोज दणक्यात आपटणाऱ्याच्या गाडीत मागचे बल्ब लवकर जातात, आणि तार नेमकी तापलेली असताना दणका बसला तर ती तितकी बळकट नसते.

नवा बल्ब घालताना त्याच वॅटचा हवा. २१ च्या जागी १० चा घातला तर तो लागतो, दिसायलाही बरा दिसतो, पण फ्लॅशर पळतच राहू शकतो, कारण वीज कमीच वाहते. पिवळ्या काचेच्या बल्बच्या बुडाशी दोन खिळे अगदी समोरासमोर नसतात, थोडे सरकवलेले असतात. साधा पांढरा बल्ब पिवळ्याच्या जागी बसूच नये म्हणून ही व्यवस्था. तो ठोकून बसवू नये.

आणि बल्ब चांगला असेल, लागतही असेल, तरी इंडिकेटर पळत असेल? मग खरी मजा. बहुतेक वेळा दोष होल्डरमध्ये असतो. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणेल, कार्बन धरलाय, किंवा अर्थ मिळत नाहीये. अर्थ म्हणजे विजेची पत्र्यातून बॅटरीकडे परतायची वाट. पावसाळ्यात दिव्याच्या डबीत पाणी शिरतं, कोकणात आणि मुंबईत वर खारी हवा, आणि पितळेवर हिरवट थर चढतो. त्या थराचा विरोध अर्धा ओहम जरी झाला तरी सात ओहमच्या बल्बपुढे तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. दिवा किंचित मंद होतो, वीज कमी वाहते, दोन्ही दिव्यांच्या होल्डरमध्ये असा थर आणखी वाढला तर बेरीज रेघेजवळ येऊन ठेपते. मग थंड सकाळी ठीक, भर पावसात घाई, असा लहरी कारभार सुरू होतो. मीटर असेल तर दिवा चालू असताना होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात व्होल्ट मोजावेत. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. पाऊण-एक व्होल्ट दिसला तर गुन्हेगार सापडला. अशा वेळी बॅटरीची तार सोडवून पॉलिश पेपरनं होल्डरचं अर्थचं टोक घासलं की काम होतं.

अर्थ पूर्णच तुटला तर दिवे चक्रावून टाकणारे खेळ करतात. डावा इंडिकेटर द्यावा तर मागचा पार्किंग लाइट मंद लुकलुकतो, ब्रेक दाबावा तर इंडिकेटर चमकतो. विजेला परत जायची सरळ वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून दुसऱ्या वाटेनं अर्थपर्यंत पोचते. वीज कधी वाट चुकत नाही. तिला उघडी असलेली प्रत्येक वाट ती घेते. हे एकदा मनात बसलं की दिव्यांचे बरेचसे भूतखेळ आपोआप उलगडतात.

दोन्ही बाजूंना पळत असेल तर मात्र फ्लॅशर, त्याचं बसणं, त्याचा अर्थ, बॅटरीचं व्होल्टेज, हे पाहावं. पण त्याआधी मालकाला विचारावं, एलईडी बसवलेत का? आजकाल बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

एलईडी दोन-चार वॅटमध्ये तितकाच ठळक उजेड देतो. वाढप्याच्या भाषेत सांगायचं तर पाहुणा पानावर बसलाय, पण घासभरच खातो, आणि वाढप्याला वाटतं पान रिकामंच आहे. चारही नवे लखलखीत दिवे लागलेले असतात आणि फ्लॅशर कळवत राहतो की सगळे मेले. यात फ्लॅशर खोटं बोलत नाही. उजेड आहे की नाही हे त्याला कधीच कळत नव्हतं. त्याला प्रवाह कळतो, आणि शंभर वर्षं उजेड आणि प्रवाह एकत्रच येत असल्यामुळे हा फरक कुणाच्या ध्यानात येण्याची गरज पडली नव्हती.

यावर बाजारात मिळणारा एक उपाय म्हणजे लोड रेझिस्टर: एलईडीच्या शेजारी ६ ओहमचा, सोनेरी पंखांचा एक रेझिस्टर जोडायचा. तो १२ व्होल्टला २ अँपिअर ओढतो आणि बल्ब असल्याचं सोंग करतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टला तर तो ३२ वॅटहून जास्त उष्णता ओकतो. म्हणजे वीज वाचवणारा दिवा बसवला आणि वाचलेली वीज शेजारी नुसती जाळली. तो बसवायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर बसवावा. प्लास्टिकला, वायरीच्या जुडग्याला किंवा दिव्याच्या डबीला तो लागता कामा नये, कारण लांब सिग्नलला थांबल्यावर तो हात भाजेल इतका तापतो. रिले काढता येत असेल तर एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर घालणं माझ्या मते कितीतरी शहाणपणाचं. मात्र असे बरेच फ्लॅशर भार मोजतच नाहीत, आणि दिवा गेल्याची बातमी त्यांच्याकडून येत नाही. मग अधूनमधून गाडीभोवती फेरी मारणं आपलं काम.

मोटारसायकलवर याहून अजब प्रकार होतो. तिथले बल्ब १० वॅटचे असतात, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये डॅशबोर्डवर डाव्या-उजव्याला मिळून एकच छोटा दिवा. तो एका टोकानं डाव्या वायरीला आणि दुसऱ्या टोकानं उजव्या वायरीला जोडलेला. डावा इंडिकेटर दिला की वीज डाव्या वायरीतून या छोट्या दिव्यात येते आणि परत जाते कुठून? उजव्या बाजूच्या बल्बमधून! ती इतकी थोडी असते की उजव्या जाड तारा तापतही नाहीत, त्यांचा उपयोग फक्त अर्थपर्यंतच्या वायरीसारखा होतो. उजव्या बाजूचे बल्ब डाव्याचा परतीचा रस्ता म्हणून वापरणारी ही वायरिंग पहिल्यांदा समजली तेव्हा मी बराच वेळ ती आकृती पाहत बसलो होतो. आता तिथे चार एलईडी लावा. एलईडीला उजळायला ती थोडी वीजही पुरते. डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात, उजवा दिला तरी चारही. फ्लॅशर बदलून हे जात नाही. छोट्या दिव्याच्या वाटेवर दोन डायोड अशा रीतीनं घालावे लागतात की वीज डावीकडून आणि उजवीकडून त्याच्यात येऊ शकेल, पण पलीकडे जाणार नाही, आणि त्या दिव्याचं परतीचं टोक सरळ अर्थला न्यावं लागतं.

आजच्या बऱ्याच गाड्यांत स्वतंत्र फ्लॅशर नाही. एक संगणक दिव्यांना वीज देतो, प्रत्येकाचा प्रवाह वेगळा मोजतो, आणि कोणता दिवा गेला ते पडद्यावर लिहून दाखवतो. टिकटिक बहुधा स्पीकरमधून वाजवली जाते. आत कुठलीही लोखंडी पट्टी आपटत नाही. काही गाड्या तर दिवे बंद असतानाही डोळ्यांना न दिसणारे विजेचे ठोके पाठवून तार शाबूत आहे का ते चाचपतात, आणि म्हणूनच अशा गाडीत बाहेरून आणलेला एलईडी बसवला की तो बंद असतानाही मिणमिणतो.

कारखान्यातूनच एलईडी घेऊन येणाऱ्या गाड्यांचा प्रश्न आणखी खोल होता. दिवा बनवणारी कंपनी वेगळी, संगणक बनवणारी वेगळी, आणि दिव्यात आता वीसेक ठिपके. त्यातला एक गेला तर प्रवाह किती बदलावा? २०१२ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १३२०७ क्रमांकाच्या मानकाचा पहिला भाग काढला. विषय हाच: इंडिकेटरच्या एलईडी दिव्यानं वीज कशी ओढावी, म्हणजे बल्बसाठी बनवलेल्या बिघाड-शोधकाला तो जिवंत आहे की नाही हे ओळखता येईल. ज्या दिव्याला टंगस्टनची तारच नाही, त्यानं तारेच्या वागण्याशी आपला मेळ बसवायचा, आणि आतलं काही बिघडलं तर आपण होऊन आपला प्रवाह तोडायचा, म्हणजे गाडीला ते तार तुटल्यासारखंच कळेल आणि इंडिकेटर घाई करू लागेल.